ज्याची बातमी, त्याला आधी विचारा

मी फळा बोलतोय. वर्गातला नव्हे. वर्गातल्या फळ्यांना पाढे आणि व्याकरण सांभाळावं लागतं, शिवाय बाईंची पाठ वळली की माकडांची चित्रंही सोसावी लागतात. मी शाळेच्या फाटकाबाहेर भिंतीला टांगलेला फळा. डोक्यावर पत्र्याचं छोटंसं छप्पर, पायाशी खडूचा डबा आणि समोर अख्खा रस्ता. माझ्यावर बातम्या लिहितात. कुणाचा दात पडला इथपासून कुणाच्या काकाचं लग्न ठरलं इथपर्यंत सगळं आधी मला कळतं.

जन्माने मात्र मी फळा नाही. टेबल टेनिसच्या टेबलाच्या दोन बाजू असतात ना, त्यातली मी एक बाजू होते. एका बँकेत जेवणाच्या सुट्टीत साहेब आणि कारकून माझ्यावर खेळायचे. साहेब हरायला लागले की सुट्टी लवकर संपायची. पुढे बँकेला ती खोली हवी झाली आणि आम्हा दोघी बाजूंची पाठवणी या प्राथमिक शाळेत झाली. इथे ज्या खोलीत ठेवलं तिचं छप्पर गळकं निघालं. माझी जोडीदारीण पाणी पिऊन फुगली आणि होडीसारखी वाकली. सुतारकाकांनी मला बोटांनी टकटक करून पाहिलं आणि म्हणाले, "ही अजून दणकट आहे. हिला मोडीत काढू नका." मग त्यांनी मला घासलं, काळा रंग दिला, कडेने लाकडी पट्टी मारली. सुतारकामाच्या खोलीत मी बाजू म्हणून गेले आणि फळा म्हणून बाहेर आलो. माणसांना नवीन नाव लागलं की ती बदलतात म्हणतात. माझं तर व्याकरणच बदललं.

मला फाटकाशी टांगायची कल्पना मोठ्या बाईंची. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. उंचीने त्या चौथीतल्या मुलांच्या बरोबरीच्या आहेत, मोठेपण सगळं आवाजात आणि डोळ्यांत. झालं असं की पहिलीच्या बाई एका आईला म्हणाल्या, "उद्या सुट्टी व्हायच्या आधी येऊन भेटा." त्या आईने दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीत बातमी पसरली की उद्या सुट्टी. दुसऱ्या दिवशी अर्धी शाळा घरी पांघरुणात आणि बाई रिकाम्या बाकांकडे बघत उभ्या.

मोठ्या बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बातमीला पाय असतातच. निदान चपला तरी आपण घालू."

तेव्हापासून रोज सकाळी माझ्यावर बातम्या येऊ लागल्या. आणायची आणि लिहायची मुलांनीच. चौथीतली एक मुलगी या कामाला जणू जन्मापासून टपलेली होती. तिला सगळे घाई म्हणायचे. ती चालताना पळायची, बोलताना पुढचं वाक्य आधी बोलायची, आणि डब्याचं झाकण उघडेपर्यंत तिचा निम्मा डबा संपलेला असायचा. बातम्या आणायची ती. लिहायचा तिच्याच वर्गातला एक मुलगा, ज्याला निवांत म्हणायचे. त्याचं अक्षर असं की वाटसरूही थांबून बघत. वेलांटी काढताना तो जीभ बाहेर काढायचा आणि ती पुरी होईपर्यंत आत घ्यायचा नाही. घाई बाजूला उभी राहून पाय आपटायची. "अरे, बातमी शिळी होईल." निवांत म्हणायचा, "होऊ दे. नीट वाचता येईल."

बातम्याही काय एकेक. 'पहिलीत एक दात पडला. शोधला, सापडला नाही. गिळला असावा.' 'शिलाईवाल्या काकूंच्या मांजरीला पिल्लं झाली. दोन द्यायची आहेत. चावत नाहीत.' 'बसथांब्यावर एक छत्री सापडली आहे. दांडा बदकाचा आहे.' छत्रीचा मालक दुपारी आला आणि छत्री नेताना म्हणाला, "बदक नाही, हंस आहे तो." दुसऱ्या दिवशी निवांतने ती दुरुस्तीही लिहिली.

माणसं कशी वाचतात ते मी जवळून पाहिलंय. बायका सरळ येऊन वाचतात. पुरुष आधी खिसे चाचपतात, कुणाची तरी वाट बघतोय असं दाखवतात आणि तिरक्या डोळ्याने वाचतात. आपल्याबद्दल काही असेल तर जाताना वाचतात, येताना वाचतात, आणि मग "वाचलं का?" असं शेजाऱ्याला विचारतात. ज्यांना घरी कुणी विचारत नाही, ती माणसंही माझ्यासमोर उभी राहून एकमेकांशी बोलू लागली. मला त्याचं फार बरं वाटायचं.

माझ्या अगदी समोर, रस्त्यापलीकडे, एक बसकं घर आहे. पुढे दोन पायऱ्या आणि पायऱ्यांच्या कडेने कुंड्या. तिथे एक म्हातारे आजोबा राहायचे, मुलगा-सुनेजवळ. नात आमच्याच शाळेत पहिलीत. गिळलेला दात तिचाच. तिला मी मनात बोळकी म्हणत असे.

आजोबांचा आवाज भयंकर मोठा होता. शाळेच्या मैदानातून चेंडू उडून त्यांच्या कुंड्यांत पडला की ते बाहेर येऊन हात हलवत काहीतरी ओरडायचे. तो आवाज ऐकला की खेळणारी पोरं जी धूम ठोकायची, ती थेट वर्गात. चेंडूचं नावसुद्धा कुणी काढत नसे. मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं भोंगा.

एका सकाळी घाईकडे एकही बातमी नव्हती. मांजरी शांत होत्या, दात जागच्या जागी होते. मोठ्या बाई बैठकीसाठी दुसऱ्या शाळेत गेल्या होत्या. आदल्या दुपारी पुन्हा एक चेंडू पलीकडे गेला होता आणि आजोबा नेहमीसारखे गरजले होते. घाईला एकदम सुचलं.

"लिही," ती निवांतला म्हणाली. "'समोरचा भोंगा काल पुन्हा वाजला. कानात बोळे घालून यावे.'"

निवांतचा खडू थांबला. "हे बरं दिसेल का?"

"नाव कुठे लिहितोय आपण? मग काय बिघडतं?"

निवांतने लिहिलं. त्या सुंदर अक्षरात ते जास्तच ठसठशीत दिसलं. माझ्यासमोर इतकी गर्दी याआधी कधी झाली नव्हती. मुलं हसली, पोचवायला आलेली मोठी माणसंही हसली. दूधवाल्याने तर सायकल उभी करून दोनदा वाचलं.

आणि तेवढ्यात रस्ता ओलांडून बोळकी आली, आजोबांचं बोट धरून.

ती नुकतीच अक्षरं जोडायला शिकली होती. दिसेल ते वाचायचं हा तिचा ध्यास. दुकानांच्या पाट्या, पिशव्यांवरची नावं, काही सुटायचं नाही. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि एकेका अक्षरावर बोट फिरवत मोठ्याने वाचू लागली. "स-मो-र-चा... भों-गा..." हसणारी माणसं एकेक करून गप्प झाली. तिने पूर्ण ओळ वाचली, खूश झाली आणि वर बघून म्हणाली, "आजोबा, मला वाचता आलं. भोंगा कोण?"

आजोबांना तिचं बोलणं नीट ऐकू गेलं नसावं, पण त्यांनी मला वाचलं होतं आणि तिचा प्रश्न ओळखला होता. वाचून झाल्यावर त्यांनी गर्दीकडे पाहिलं. कुणी चपलेकडे बघत होतं, कुणी आभाळाकडे. ते नातीकडे वाकले. त्यांच्या मते ते तिच्या कानात कुजबुजत होते, पण सगळ्या रस्त्याला ऐकू आलं.

"असेल गं कुणीतरी. आपल्याला काय. जा, उशीर होतोय."

त्यांनी तिला फाटकात सोडलं, रस्ता ओलांडला आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळाने खिडकीही लागली.

मोठ्या बाई दुपारी परत आल्या. माझ्यासमोर थांबल्या. मला वाटलं आता फडकं येणार. पण त्यांनी घाईला आणि निवांतला बोलावलं.

"पुसायला काय, हात फिरवला की झालं," त्या म्हणाल्या. "आधी मला वाचून दाखवा."

घाईने वाचायला सुरुवात केली. नेहमी पुढे पळणारा तिचा आवाज अर्ध्या वाटेतच बसला. बाकीचं निवांतने वाचलं.

"ते काय ओरडतात?" बाईंनी विचारलं.

"खूप जोरात ओरडतात," निवांत म्हणाला.

"म्हणजे शब्द काय असतात त्यांचे?"

"माहीत नाही," घाई म्हणाली. "आम्ही पळतो ना."

"तू बातमी आणलीस ना गं? मग ते काय म्हणाले हे न ऐकताच आणलीस?"

 बाईंनी फडकं घाईच्या हातात दिलं. तिने मला पुसलं, पुन्हा पुसलं. अक्षर गेलं तरी पुसतच राहिली.

शाळा सुटल्यावर बोळकीला न्यायला तिची आई आली. एरवी नेआण आजोबांकडेच असायची. ती बाईंकडे गेली आणि फाटकाशीच हळू आवाजात बोलू लागली. मी शेजारी, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. फडकं हातात घेऊन उभ्या असलेल्या घाईलाही.

"भांडायला नाही आले, बाई. मुलंच ती. पण बाबांनी बॅग भरायला काढलीय. नणंदेकडे राहायला जातो म्हणतात. माझ्या आवाजाने इथे सगळ्यांना त्रास होतो, नातीलाही उद्या चिडवतील, म्हणतात. सकाळपासून जेवलेले नाहीत."

"आवाज पहिल्यापासून असाच मोठा?" बाईंनी विचारलं.

"नाही हो. सगळं आयुष्य बॉयलर बनवण्यात गेलं. आत शिरून पत्र्यावर हातोडा मारायचा, सगळा दणका कानांवर. कान गेले. स्वतःचा आवाजही नीट ऐकू येत नाही, मग मोठ्याने बोलतात. कानाचं मशीन आणलं, तर ते शिट्टी मारतं म्हणून डब्यात घालून ठेवलंय. रागीट नाहीत ते. घरात मुंगीला वाट देऊन चालतात."

घाईने फडकं माझ्या खिळ्याला अडकवलं. बाईंची परवानगी मागताना ती पहिल्यांदा सावकाश बोलली. "बाई, आम्ही जाऊन येऊ?"

"मीही येते," बाई म्हणाल्या. "पण बोलायचं तुम्ही."

तिघंही रस्ता ओलांडून गेली, बोळकी आणि तिची आई पुढे. पुढचं मी इथूनच पाहिलं. दार उघडलं, आजोबा पायरीवर आले. घाई भराभर काहीतरी बोलली. आजोबांनी कानामागे हात धरला. तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. शेवटी निवांतने तिला हाताने थांबवलं, खिशातून खडूचा तुकडा काढला आणि पायरीवर बसून लिहायला लागला. जीभ बाहेर. त्याला नेहमीसारखाच वेळ लागला आणि या खेपेला घाईने पाय आपटले नाहीत.

तिने काय लिहायला सांगितलं ते मला इथून दिसत नव्हतं. पण आजोबांची उत्तरं मलाच काय, वळणावरच्या शिलाईवाल्या काकूंनाही ऐकू जात होती.

"अक्षर सुरेख आहे रे तुझं," हे पहिलं.

निवांतने पुन्हा काही लिहिलं.

"अरे, ठीक आहे. आमच्या कारखान्यात एकेकाला काय काय नावं होती. मला हातोडा म्हणायचे. भोंगा म्हणजे बढतीच झाली." ते हसले, मग हसायचे थांबले. "फक्त पोरीने वाचलं ना, तिथे लागलं जरा."

घाईने मान खाली घातली. मग तिने खडू स्वतः घेतला आणि एक ओळ लिहिली. वाकडीतिकडी असणार, कारण आजोबांना बराच वाकून वाचायला लागली. आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू त्यांनाच काही कळेनासं झालं.

"मी ओरडतो? अगं, मी हाका मारतो. चेंडू इकडे पडलाय, घेऊन जा, म्हणतो. तुम्ही उलटेच पळता. मला वाटायचं, हल्लीच्या मुलांना चेंडूंची किंमत नाही."

ते आत गेले. आले ते बादली घेऊन. बादली चेंडूंनी भरली होती. रबरी, प्लास्टिकचे, एक फाटका शिवलेला, मैदानातून उडालेला एकेक चेंडू त्यांनी धुऊन, पुसून ठेवला होता. कुणी न्यायला येईल म्हणून. बोळकी त्यातला एक उचलून म्हणाली, "हे आजोबांचे नव्हेत. मला खेळू देत नाहीत. म्हणतात, दुसऱ्याचे आहेत."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. त्याला काही लागलं नव्हतं.

हा सगळा उलगडा झाला म्हणून बॅग रिकामी झाली, असं मात्र नाही. लेकीला येतो असं कळवून झालं होतं आणि ती न्यायला निघालीही होती. "तिला आता नाही कसं म्हणू? पाहू, तिथे करमलं तर करमलं," असं ते म्हणाले आणि घाईचा चेहरा पडला.

जायच्या दिवशी सकाळी घाई आणि निवांत पुन्हा त्यांच्या पायरीशी गेली. बातमी लिहायची होती, पण घाईने ठरवलं होतं, ज्याची बातमी त्याला आधी विचारायचं. आजोबांनी बातमीचा कागद हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला.

"'समोरचे आजोबा' हे काढा," ते म्हणाले. "आजोबा मी नातीचा. रस्त्यासाठी मी बॉयलर कारागीर. तसं लिहा."

मग माझ्यावर अशी बातमी आली: 'समोरच्या घरातल्या बॉयलर कारागिरांना कमी ऐकू येतं. त्यांच्याशी बोलताना समोर उभं राहावं, सावकाश बोलावं. ते ओरडत नाहीत, हाक मारतात. हरवलेले चेंडू त्यांनी जपून ठेवले होते, ते परत मिळाले.' बॅग घेऊन निघताना ते माझ्यासमोर थांबले, पूर्ण वाचलं, आणि 'कारागिरांना' मधली वेलांटी बोटाने दाखवून लेकीला म्हणाले, "बघ, काय वळण आहे."

खिडकी बंद राहिली. रोजच्या बातम्या पुसल्या जायच्या, पण ही बातमी मोठ्या बाईंनी पुसू दिली नाही. पावडर उडाली की निवांत ती पुन्हा गिरवायचा. चेंडू कुंड्यांत पडले की मुलं जाऊन आणायची आणि बंद दाराकडे बघत परत यायची. घाई बोळकीला रोज विचारायची, "काही कळलं?" बोळकी नकारार्थी मान हलवायची.

मग एका दुपारी शाळा सुटायच्या वेळेला रस्त्यावर एक रिक्षा थांबली. आजोबा उतरले, हातात तीच बॅग. घरी जायच्या आधी ते माझ्याकडे आले आणि वाचू लागले, जणू गैरहजेरीत बातमी बदलली तर नाही ना बघायला. फाटक उघडलं, मुलांचा लोंढा बाहेर आला आणि त्यांना बघून थांबला. निवांत पुढे आला. अगदी समोर उभा राहिला आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "आजोबा, राहायला आलात का?"

"आलो," ते म्हणाले. रस्त्याभर ऐकू गेलं. "लेकीकडे फार शांतता आहे रे. जरा बोललो की शेजारी भिंत वाजवतात."

घाई त्या दिवशी घरी पळत गेली नाही. त्यांची बॅग उचलायला गेली, तिला ती पेलली नाही, मग दोघांनी एकेक बंद धरून ती पलीकडे नेली.

तेव्हापासून ज्याची बातमी त्याला विचारल्याशिवाय माझ्यावर खडू लागत नाही. त्याने काम वाढलं, गंमतही वाढली. न्हावीकाकांच्या हातून एका गिऱ्हाइकाची अर्धी मिशी उडाली, ही बातमी काकांनी हसत मंजूर केली. पण मुलं गिऱ्हाइकालाही विचारायला गेली. त्याने मफलर वर ओढून "नको" म्हटलं, आणि मी दिवसभर कोरा राहिलो. एकदा मुलांनी 'मोठ्या बाई बैठकीत पेंगल्या' असं लिहून आणलं. बाईंनी वाचलं, खोल श्वास घेतला आणि म्हणाल्या, "पेंगल्या नाही, झोपल्या. खरं लिहायचं तर पूर्ण लिहा." आपल्याला काय म्हणावं हे माणसं आता स्वतः सांगतात. कुणाला मावशी आवडतं, कुणाला ताई, आणि शाळा झाडणाऱ्या बाईंनी सांगितलं की त्यांना 'बाई'च म्हणावं, बाकीच्या बाईंसारखं. तसंच म्हणतात.

घाई आणि निवांत आता मोठ्या शाळेत गेली. बातम्यांचं काम बोळकीकडे आलंय. ती चौथीत आहे, दात सगळे आले, पण मी अजून बोळकीच म्हणतो. अक्षर निवांतसारखं नाही, पण काना सरळ काढते.

माझं म्हणाल तर वय झालंय. रंगाचे पोपडे निघालेत, डाव्या कोपऱ्यात खडू उमटत नाही. तिथल्या बातम्या नेहमी अर्ध्या दिसतात आणि लोक उरलेलं मनाने भरतात, जे चांगलं नाही. म्हणून उद्या मला उतरवून सुतारकाकांकडे नेणार आहेत. घासतील, नवा रंग देतील. सुट्टी संपली की परत लावतील म्हणतात. कुणाचं काही सांगता येत नाही, पण म्हणतात.

आज शाळेचा शेवटचा दिवस. बोळकी खडू घेऊन आली. 'उद्या आपल्या फळ्याला रंगवायला नेणार आहेत', एवढंच लिहायचं होतं. तिने खडू टेकवला आणि थांबली. सोबतची मुलं म्हणाली, "लिही ना, उशीर होतोय."

"बातमी त्याची आहे," ती म्हणाली. "त्याला विचारलं का कुणी?"

मुलं हसली. ती हसली नाही. माझ्याकडे तोंड करून, अगदी समोर उभी राहून, एकेक शब्द सुटा करून तिने विचारलं, "तुझ्याबद्दल लिहू का?" आणि खरंच थांबली. इतकी वर्षं माझ्यावर लिहिलं गेलं, मला असं कुणी विचारलं नव्हतं.

लिही गं. आणि पोपडे निघालेत तेही लिही, लपवू नकोस. फक्त त्या डाव्या कोपऱ्यात नको, मधोमध लिही. सगळ्यांना नीट वाचता येईल.